हिवाळ्यातले नित्यकर्म : फराळानंतरचे धावणे

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस हा महाराष्ट्रातील सणासुदीच्या खाण्याचा केवळ आरंभ असतो. फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच तुळशीचे लग्न लागते, त्यापाठोपाठ लग्नसराई सुरू होते, मार्गशीर्षात चंपाषष्ठीचे भरीत-रोडगे येतात, शेतांवर हुरड्याचा हंगाम रंगतो, डिसेंबरच्या अखेरीस नाताळ आणि नववर्षाच्या मेजवान्या होतात आणि जानेवारीच्या मध्यावर संक्रांतीची गुळपोळी पानात पडते. अशी ही साखळी दोन-अडीच महिने जवळजवळ अखंड चालते. याच काळात दिवस लहान होतो, पहाट गारठते आणि पावसाळ्यात मोठ्या उमेदीने घेतलेले धावण्याचे बूट दाराआडच्या कोपऱ्यात पडून राहतात. मग एखाद्या सकाळी कपडे अंगाला घट्ट होऊ लागल्याचे ध्यानात येते आणि ‘आता हे सगळे उतरवायचे’ असा निश्चय होतो. या निश्चयामागे एक न उच्चारलेली समजूत असते, ती अशी की सणात खाल्लेले गोडधोड हा अपराध आहे आणि थंडीत धावणे हे त्याचे प्रायश्चित्त आहे. हिवाळ्यातील धावणे मध्येच सुटते, त्याला ही समजूत फार मोठ्या प्रमाणात कारणीभूत असते. शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि भारतीय परंपरेतील कर्मविचार या तिन्हींच्या आधारे पाहिले असता, धावणे टिकवायचे तर त्याच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते, असेच दिसून येते.

वजन नेमके किती वाढते

सणानंतर वाढलेल्या वजनाचा पहिला अंदाज बहुधा अतिरंजित असतो आणि त्याचे कारण शरीराच्या साठवणुकीच्या रीतीत आहे. आहारातील पिष्टमय पदार्थांपासून मिळणारी साखर शरीर ‘ग्लायकोजेन’ या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवते; चांगल्या पोषण झालेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅमपर्यंत असतो. ग्लायकोजेन कोरडे साठवले जात नाही, तर त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधले जाते. त्यात चिवडा, शेव, चकली यांतील मीठही शरीरात पाणी धरून ठेवते. त्यामुळे चार दिवसांच्या फराळानंतर काटा दीड-दोन किलोंनी पुढे सरकलेला दिसला, तरी त्यातील बराच भाग पाण्याचा असतो आणि नेहमीचा आहार व हालचाल सुरू झाली की आठवड्याभरात तो आपोआप ओसरतो. चरबीच्या रूपाने साठलेले वजन याहून पुष्कळच कमी असते.

ते किती कमी असते, याचा एक अंदाज अमेरिकेत झालेल्या आणि २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून येतो. तेथील १९५ प्रौढांचे वजन नोव्हेंबरच्या अखेरीपासून नववर्षापर्यंतच्या सणांच्या आधी, त्या काळात आणि नंतर मोजले असता, सणांच्या काळातील सरासरी वाढ केवळ ०.३७ किलो भरली. हा आकडा दिलासा देणारा असला तरी त्या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा होता. सणात वाढलेले हे थोडेसे वजन पुढच्या महिन्यांत उतरले नाही, ते तसेच राहिले. दर वर्षी पाव-अर्धा किलो वाढावा आणि तो कधीच उतरू नये, असे वीस वर्षे चालले की मध्यमवयातील स्थूलता तयार होते. म्हणजे प्रश्न एका दिवाळीचा नसतो. प्रत्येक दिवाळीनंतर येणारे तीन-चार महिने कसे घालवले जातात, यावर तो अवलंबून असतो.

भारतीय शरीराच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध करून त्यात स्वतःच्याच शरीरांची तुलना मांडली. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढल्या जाणाऱ्या ‘बॉडी मास इंडेक्स’ या निर्देशांकानुसार दोघेही २२.३ वर, म्हणजे अगदी सारखेच होते. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात ते ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. बाहेरून सडपातळ पण आतून चरबीयुक्त अशा या भारतीय देहप्रकृतीमुळे वजनकाट्यापेक्षा कंबरेचा घेर हे अधिक बोलके माप ठरते. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठी सावधगिरीची मर्यादा मानली जाते. सणानंतर काट्यावर रोज उभे राहण्यापेक्षा महिन्यातून एकदा कंबरेला टेप लावणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण त्या मापावर पाण्याच्या चढउताराचा परिणाम तुलनेने थोडा होतो.

प्रायश्चित्ताचा हिशेब का जुळत नाही

धावण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा एक सोपा ठोकताळा इटालियन शरीरशास्त्रज्ञ रोडोल्फो मार्गारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडला. त्यानुसार धावणारा माणूस दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च करतो आणि वेग कमी-जास्त झाला तरी या खर्चात फारसा फरक पडत नाही. म्हणजे ७० किलो वजनाचा माणूस पाच किलोमीटर धावला की सुमारे ३५० कॅलरी खर्च होतात. तुपात भाजलेल्या एका मोठ्या बेसनाच्या लाडवात दीडशे ते दोनशे कॅलरी असू शकतात, तेव्हा पस्तीस-चाळीस मिनिटांची ही धाव दोन लाडवांच्या हिशेबात संपते. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, असे धरले तर ती केवळ धावून उतरवण्यासाठी अशा बावीस धावा लागतील. आठवड्यातून चार दिवस धावणाऱ्याला त्यासाठी साडेपाच आठवडे मोजावे लागतील, आणि तेही धावून आल्यावर वाढलेल्या भुकेपोटी एक घासही जास्त न खाता. ज्याने धावणे हे खाल्ल्याची भरपाई म्हणून स्वीकारले आहे, त्याच्या पदरी या हिशेबातून निराशाच येते, कारण खाणे पाच मिनिटांत होते आणि त्याच्या भरपाईला मात्र पस्तीस-चाळीस मिनिटे धावावे लागते.

धावण्याचे खरे फळ या जमाखर्चाच्या बाहेर आहे. धावताना स्नायू रक्तातील साखर इन्शुलिनच्या मदतीवाचूनही ओढून घेतात आणि धावणे थांबल्यानंतरही साधारण एक ते दोन दिवस शरीर इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहते. नियमित धावण्याने पोटातील अवयवांभोवती साचलेली घातक चरबी कमी होते, रक्तदाब आटोक्यात राहतो, हृदयाची क्षमता वाढते. आणि हे सारे काटा जागचा हलला नाही तरी घडत असते. यातील इन्शुलिनविषयीचा लाभ एक-दोन दिवसांतच विरतो, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. एका रविवारी पंधरा किलोमीटर धावून पुढचे सहा दिवस बसून काढणाऱ्यापेक्षा एक दिवसाआड चार किलोमीटर धावणाऱ्याच्या पदरात तो अधिक सातत्याने पडतो. शरीराची ही घडणच नियमितपणाची मागणी करते.

या संदर्भात धर्मशास्त्र आणि मीमांसा यांतील कर्मांचे जुने वर्गीकरण आश्चर्य वाटावे इतके उपयोगी पडते. तेथे नेहमी करावयाचे ते ‘नित्य’, विशिष्ट प्रसंगाने करावयाचे ते ‘नैमित्तिक’, विशिष्ट फळाच्या इच्छेने करावयाचे ते ‘काम्य’ आणि दोषाच्या निवारणासाठी करावयाचे ते ‘प्रायश्चित्त’, असे भेद केलेले आहेत. यांपैकी काम्य आणि नित्य यांच्यात मीमांसकांनी सांगितलेला एक फरक फार मार्मिक आहे. काम्य कर्म सर्व अंगांसह, कोठेही न्यून न ठेवता पार पडले तरच त्याचे फळ मिळते. नित्य कर्म मात्र यथाशक्ती केले तरी चालते, त्यातील एखादे अंग राहून गेले म्हणून ते वाया जात नाही. जानेवारीअखेर पाच किलो उतरवण्यासाठी धावणाऱ्याचे धावणे काम्य असते; त्यात एक आठवडा बुडाला की सारा संकल्पच मोडल्यासारखा वाटतो आणि फळ मिळाले किंवा मिळण्याची आशा संपली की कर्मही संपते. नित्य म्हणून धावणाऱ्याला मात्र लग्नघरी जागरण झाले त्या दिवशी दोनच किलोमीटर धावण्याची मुभा असते आणि त्या दोन किलोमीटरांनी त्याच्या नेमाला बाध येत नाही.

थंडी हा धावण्याचा ऋतू

युरोप-अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळा हा धावणाऱ्यांचा कसोटीचा काळ असतो, कारण तेथे बर्फ, निसरडे रस्ते आणि दुपारी चारलाच पडणारा अंधार यांच्याशी झगडावे लागते. महाराष्ट्रातील परिस्थिती याच्या उलट आहे आणि ती उलट आहे याची जाणीव ठेवणे हीच उत्साहाची पहिली शिदोरी होय. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ही उष्णता शरीराबाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते, घाम गाळावा लागतो आणि तेवढ्या प्रमाणात स्नायूंच्या वाट्याचे रक्त कमी होते. एप्रिल-मे महिन्यांत याच कारणाने दोन किलोमीटरांत दम लागतो, तर डिसेंबरात तोच माणूस तेवढ्याच श्रमात अधिक लांब जातो. पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यू यॉर्क या सहा शहरांतील मॅरेथॉन शर्यतींत २००१ ते २०१० या दशकात शर्यत पूर्ण करणाऱ्या सुमारे १८ लाख धावपटूंच्या वेळा तपासणाऱ्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच संशोधकांच्या अभ्यासात सर्वांत अनुकूल तापमान, धावपटूच्या दर्जानुसार, साधारण ४ ते १० अंश सेल्सिअस इतके निघाले. पुण्यातील डिसेंबर-जानेवारीचे सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या घरात असते, तर नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या ठिकाणी ते अनेकदा एक अंकी आकड्यावर उतरते. ज्या थंडीला भिऊन माणूस पांघरुणात शिरतो, तीच थंडी धावण्यासाठी वर्षातील सर्वांत उपकारक हवा घेऊन आलेली असते.

आयुर्वेदाने हे निरीक्षण फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथातील दिनचर्येच्या अध्यायात बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने थंडीच्या काळात आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही सौम्य करावा, असे सांगितले आहे. मार्गशीर्ष-पौषातील हेमंत ऋतूत जठराग्नी प्रदीप्त असतो, म्हणून स्निग्ध आणि पौष्टिक अन्न खावे, असेही तेथे म्हटले असून त्याच ऋतुचर्येत कुशल मल्लांबरोबर कुस्ती करण्याचाही निर्देश आहे. डिंकाचे, मेथीचे आणि अळिवाचे लाडू, तिळाची चटणी, लोणी लावलेली बाजरीची भाकरी हा मराठी घरांतील हिवाळी आहार याच विचाराशी सुसंगत आहे. परंपरेने या ऋतूत खाणे आणि श्रम ही जोडी एकत्र सांगितली होती; शहरी जीवनात त्या जोडीतील खाणे तेवढे शिल्लक राहिले आणि श्रम गळून पडले. हिवाळ्यात धावणे म्हणजे एका अर्थाने ती मोडलेली जोडी पुन्हा जुळवणे आहे.

महाराष्ट्रातील धावण्याच्या प्रमुख शर्यतीही याच ऋतूत होतात. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि ती परंपरेने डिसेंबरात भरत आली आहे. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातून पहाटेच निघणाऱ्या धावपटूंना पेडर रोडची चढण आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू अशा वाटेने नेते. वर सांगितलेल्या वर्गीकरणात शर्यत हे नैमित्तिक कर्म ठरेल. तिच्यामुळे सरावाला तारीख मिळते, सोबत मिळते, दिशा मिळते. मात्र शर्यत संपल्यानंतरच्या सोमवारी बूट पुन्हा कोपऱ्यात जाऊ नयेत, यासाठी निमित्ताच्या मागे नित्याचा आधार असावा लागतो.

पहाटेचे अडथळे

अनुकूल ऋतू असूनही पाय घराबाहेर पडत नाहीत, याची काही कारणे खगोलीय तर काही मानसिक आहेत. २१-२२ डिसेंबरला दिवस सर्वांत लहान असतो, त्यामुळे त्यानंतर सकाळ लवकर उजाडू लागेल अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु पृथ्वीच्या अक्षाचा कल आणि तिच्या कक्षेचा लंबवर्तुळाकार यांच्या एकत्रित परिणामामुळे सूर्योदय त्यानंतरही काही आठवडे उशिरा-उशिराच होत जातो. मुंबईत जूनच्या आरंभी सहाच्या सुमारास उगवणारा सूर्य जानेवारीच्या मध्यावर सव्वासातच्या आसपास वर येतो. ज्याने पावसाळ्याआधी सहाला उजेडात धावण्याची सवय लावली, त्याच्या वाट्याला त्याच घड्याळाच्या वेळी आता पुरता अंधार येतो आणि हा अंधार त्याला स्वतःचा आळस वाटतो. वास्तविक येथे इच्छाशक्तीला दोष देण्याचे कारण नाही. वेळ पाऊण-एक तास पुढे नेणे, ते शक्य नसेल तर संध्याकाळ निवडणे, आणि अंधारातच धावावे लागत असेल तर उजळ कपडे घालून समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावणे, हे त्यावरचे सरळ उपाय आहेत.

दुसरा अडथळा पहिल्या दहा मिनिटांचा असतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली असे दाखवून दिले की व्यायामापूर्वी माणसे त्यातून मिळणारा आनंद प्रत्यक्षापेक्षा कमी समजतात, कारण त्यांचे मन सुरुवातीच्या काही अप्रिय मिनिटांवरच खिळलेले असते. थंडीत ही मिनिटे अधिकच अप्रिय असतात: त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या, सांधे आखडलेले, कोरड्या हवेने घसा खरवडलेला. त्यासाठी शरीर घरातच तापवून बाहेर पडणे हा उत्तम मार्ग आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्याचा हिरिरीने प्रसार केला, तो सूर्यनमस्कार या कामी फार उपयोगी आहे. सावकाश घातलेल्या दहा-बारा नमस्कारांनी मान, पाठ, मांड्या आणि पोटऱ्या यांना क्रमाने ताण मिळतो आणि श्वासही हळूहळू वाढतो. दार उघडण्यापूर्वीच शरीर तापलेले असले की बाहेरची थंडी बोचरी न वाटता सुखद वाटू लागते. कपड्यांच्या बाबतीत एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरे, कारण पाच-सात मिनिटांनी वरचा थर काढून कमरेला बांधता येतो. परत आल्यावर मात्र घामाने भिजलेले कपडे लगेच बदलावेत. थंडीत तहान कमी लागत असली तरी घाम आणि श्वास यांवाटे पाणी जातच असते, हेही विसरू नये.

तिसरा अडथळा हवेचा आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. हिवाळ्याच्या रात्री जमीन वेगाने थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि त्या थंड थरावर उबदार हवेचे झाकण बसते. याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. या झाकणाखाली धूर आणि धूळ अडकून राहते, म्हणूनच मोठ्या शहरांत पहाटेची हवा स्वच्छ भासली तरी प्रत्यक्षात ती बरीच दूषित असू शकते. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर पोहोचतात आणि धावताना श्वासाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले असल्याने त्यांचा शिरकावही वाढतो. देशात २०१५ पासून वापरात असलेला हवा गुणवत्ता निर्देशांक आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘सफर’ ही प्रणाली यांमुळे आपल्या शहरातील हवेची स्थिती सहज कळते. निर्देशांक २०० च्या पुढे, म्हणजे ‘खराब’ श्रेणीत गेला असेल तर धाव लहान आणि सौम्य ठेवावी. ३०० च्या पुढे गेल्यास त्या दिवशी घरातच व्यायाम करणे हिताचे. ऊन पडून हवा हलू लागल्यावर बाहेर पडणे आणि हमरस्ता टाळून पुण्यातील वेताळ टेकडीसारखी वाहनांपासून दूरची जागा निवडणे, यांनीही बराच फरक पडतो.

मनाची बांधणी

अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाचे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलेल्या स्वयंनिर्धारण सिद्धांतानुसार माणसाची प्रेरणा तीन गरजांवर उभी असते: कृती आपण स्वतः निवडली आहे ही जाणीव, ती आपल्याला जमते आहे हा अनुभव आणि तिच्यामुळे इतरांशी जोडले जाण्याचे समाधान. अपराधभावनेतून किंवा इतरांच्या टोमण्यातून आलेली प्रेरणा बाहेरून लादलेल्या आज्ञेसारखीच असते. ती सुरुवातीला जोर देते, पण दबाव ओसरला की तीही ओसरते. प्रायश्चित्त म्हणून धावणाऱ्याच्या बाबतीत या तिन्ही गरजा उपाशी राहतात, कारण त्याने धावणे निवडलेले नसते, काटा हलत नसल्याने ते जमते आहे असेही त्याला वाटत नाही आणि शरमेपोटी तो एकटाच धावतो.

इच्छा असणे आणि कृती घडणे यांतील अंतर कसे तुटते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ‘अंमलबजावणीचा संकल्प’ या संकल्पनेद्वारे स्पष्ट केले. ‘या हिवाळ्यात नियमित धावेन’ हा केवळ हेतू झाला. ‘मंगळवारी सकाळी पावणेसातला चहा झाल्याबरोबर बूट घालून रंकाळा तलावाला एक फेरी मारेन’ हा अंमलबजावणीचा संकल्प झाला, कारण त्यात केव्हा, कोठे आणि कशानंतर हे ठरलेले असते. ब्रिटनमधील विद्यार्थ्यांवरील, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यायामाचे हृदयाला होणारे लाभ केवळ वाचून दाखवलेल्या गटातील ३५ टक्के विद्यार्थ्यांनी पुढील आठवड्यात व्यायाम केला, तर त्याच्या जोडीला वेळ आणि जागा लिहून ठेवलेल्या गटात हे प्रमाण ९१ टक्क्यांवर गेले. धार्मिक संकल्पातही तिथी, वार, स्थळ यांचा उच्चार करूनच कर्माला आरंभ होतो. देशकालाचा असा नेमका उच्चार मनाला बांधून घेतो, हे त्या रीतीला ठाऊक होते.

सवय जडायला किती काळ लागतो, याचा शोध लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या साहाय्याने घेतला. एखादी नवी कृती अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला. व्यक्तिपरत्वे मात्र हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास आरंभ केला तर ६६ दिवस संक्रांतीच्या पुढे-मागे पुरे होतात, म्हणजे मराठी हिवाळा हा एक सवय घडवण्यास जवळजवळ पुरेसा अवधी आहे. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली: मध्येच एखादी खेप चुकली तरी सवय घडण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय खंड पडत नाही. नित्य कर्म यथाशक्ती केले तरी चालते हा मीमांसकांचा नियम आणि हा निष्कर्ष यांचा रोख एकच आहे.

पुन्हा आरंभ कसा करावा

तीन-चार आठवड्यांच्या खंडाने सारे कमावलेले गेले, ही भीतीही अनाठायी असते. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घकाळ सराव केलेल्या खेळाडूंनी सराव थांबवल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्क्यांनी घटली. सुरुवातीची घट मुख्यतः रक्ताचे एकूण प्रमाण कमी झाल्याने होते आणि सराव पुन्हा सुरू होताच ते लवकर भरून येते. मात्र दम लवकर परत येतो त्या मानाने स्नायुबंध आणि हाडे सावकाश तयार होतात, ही यातील खरी अडचण आहे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. वजन दोन किलोंनी वाढले असेल तर प्रत्येक पावलाला चार ते सहा किलो अधिक, आणि पाच किलोमीटरांत अशी काही हजार पावले पडतात. गुडघा, घोटा आणि नडगी यांची दुखणी बहुतेक वेळा ही तयारी होण्याआधीच पूर्वीइतके धावण्याच्या घाईतून उद्भवतात.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे धावणे आणि चालणे आलटून-पालटून ठेवावे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी पुढे लोकप्रिय केलेली ही पद्धत वजन वाढलेल्यांना आणि नवशिक्यांना विशेष मानवते: दोन मिनिटे हलके धावणे, एक मिनिट चालणे, असे पंचवीस-तीस मिनिटे, आठवड्यातून तीन-चार दिवस. वेग एवढाच असावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. वाग्भटाने सांगितलेल्या अर्ध्या शक्तीची खूणही आयुर्वेदात अशीच दिली आहे. तोंडाने श्वास घ्यावा लागू लागला की अर्धी शक्ती संपली असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूत्रांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवला आहे, आणि वरील क्रमाने चालणारा माणूस महिन्याभरात त्या मापाशी सहज पोहोचतो. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, तसेच चाळिशीनंतर प्रथमच धावू लागणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे, कारण थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो. धावताना छातीत दाब किंवा भोवळ जाणवली तर तत्काळ थांबावे.

आहाराच्या बाबतीतही प्रायश्चित्ताची वृत्ती टाळलेली बरी. उपाशी राहून धावण्याने थकवा येतो आणि थकलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठत नाही. फराळ संपल्यावर भाकरी, पालेभाज्या, डाळी, उसळी, ताक या रोजच्या जेवणाकडे परतणे आणि तळलेले-गोड पदार्थ सणाच्या दिवसापुरते ठेवणे एवढे पुरेसे असते. डिंकाचा एक लाडू धावून आल्यावर खाल्ला तर तो ऋतूला धरूनच आहे.

हिवाळ्याच्या पहाटे उठणे मराठी समाजाला नवे नाही, ही गोष्ट शेवटी ध्यानात घेतली पाहिजे. नरकचतुर्दशीच्या दिवशी सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नानासाठी घरातील लहानथोर सारे उठतात, आणि कार्तिक महिनाभर गावोगावच्या देवळांत काकड्यासाठी माणसे अंधारातच जमतात. तेथे कोणी कालच्या खाण्याची भरपाई करण्यासाठी उठत नाही. वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते, शेजारचा येऊन हाक मारतो, आणि एखादे दिवशी आवाज बसला असेल तर माणूस नुसता टाळ धरून उभा राहतो. फराळ आणि पहाटेचे उठणे या दोन्ही गोष्टी दिवाळीने एकत्रच दिल्या आहेत. त्यांतील दुसरी माघापर्यंत टिकवली, तर पहिलीबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण उरत नाही.